शेवटच्या डब्यातली बूटवाली

मोठ्या स्थानकात चार रंगांच्या गाड्या येऊन मिळतात, आणि त्यांचे वर-खाली जाणारे जिने जिथे एकमेकांत गुंततात, बरोबर तिथे खांबाला पाठ लावून ती उभी असते. अंगात पिवळं जाकीट, पाठीवर ठळक अक्षरांत 'मदत', खांद्याला पाण्याची बाटली. स्टेशनसाहेबांनी कौतुकाने तिचं नाव 'होकायंत्र' ठेवलं. पण गाड्यांच्या धांदलीत एवढं लांबलचक नाव हाकारायला कुणाला वेळ आहे? महिन्याभरात त्याचं 'होका' झालं, आणि आता खुद्द साहेबही "होकाबाई, जरा इकडे या" अशीच हाक मारतात.

काम ऐकायला सोपं. आल्यागेल्याला वाट दाखवायची. पण माणसं वाट तरी सरळ विचारतात का?

"ही गाडी पुढे जाते का हो?" एक आजोबा विचारतात.

"आजोबा, सगळ्याच पुढे जातात, मागे जाणारी अजून निघाली नाही. तुम्हाला कुठे जायचंय?"

"तेच तर आठवत नाहीये."

"बरं, कुणाकडे जायचंय?"

हा तिचा हुकमी प्रश्न. माणसाला स्थानकाचं नाव आठवत नाही, पण मेहुण्याच्या घरासमोर पाण्याची टाकी आहे आणि मेहुणा कसा चिकट आहे, हे इत्थंभूत आठवतं. टाकी कळली की स्थानक कळलंच.

बोट दाखवून वाट सांगायची नाही, हा तिचा नियम. बोट दाखवलं की माणूस बोटाकडेच बघत राहतो. ती त्याला खांद्याला धरून अख्खा वळवते, दोन पावलं बरोबर चालते आणि मग म्हणते, "काय सांगितलं मी? म्हणून दाखवा." चांगले सुटाबुटातले गृहस्थही तिच्यापुढे पोरांसारखे पाठ म्हणतात: हिरवी लाईन, खालचा फलाट, चौथं स्थानक. वर ती डबाही सांगते, आणि यातच तिचा खरा जीव. कोणत्या स्थानकावर जिना गाडीच्या कोणत्या टोकाला आहे, हे तिला तोंडपाठ. "तुमचे गुडघे दुखतात ना, मग मधल्या डब्यात बसा, सरकता जिना दारासमोरच येईल." हे कामात लिहिलेलं नाही, पगारात धरलेलं नाही. तिचा तो स्वतःचा शौक आहे, एखादीला भरतकामाचा असावा तसा.

पण स्वभाव मुलखाचा काळजीखोर. पाठवलेला माणूस पोचला की नाही, हे कधीच कळत नाही, हे तिचं कायमचं दुखणं. रात्री जेवताना घास हातात धरून ती म्हणते, "ते पेटीवाले काका उतरले असतील का हो बरोबर?"

"उतरले असतील," बेकरीतून दमून आलेला नवरा म्हणतो. "आता तेवढी भाजी माझ्या ताटात उतरव."

लेकीलाही तिने सोडलेलं नाही. लेक कॉलेजात जाते, तीही याच गाड्यांनी, आणि दररोज सकाळी तिच्या फोनवर आईचा निरोप येतो: पोचलीस का? लेक एकदा वैतागून म्हणाली, "आई, कॉलेज तिथेच आहे गं, रात्रीतून पळून जात नाही." होकाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

तर अशा या बाईच्या हातून ती चूक झाली. तिच्याच हातून होऊ शकत होती म्हणा.

त्या दिवशी हिरव्या लाईनीवर नवी पद्धत सुरू झाली होती. हिरवी गाडी जंक्शनपर्यंत अख्खी जाते. तिथे रूळ दोन बाजूंना फुटतात, एक फाटा मैदानाकडे, दुसरा गोदामांकडे. आजवर एक गाडी इकडे, पुढची तिकडे, असं चालायचं. आता गाडीच जंक्शनवर मधोमध तोडायची असं ठरलं होतं. पुढचे डबे मैदानाकडे जायचे, मागचे गोदामांकडे. सकाळपासून होकाचा घसा त्यातच बसला होता. "पुढचे मैदान, मागचे गोदाम! पुढचे मैदान, मागचे गोदाम!" समोरचा पेपरवाला हसून म्हणाला, "होका, आता झोपेतही हेच म्हणशील बघ."

दुपारची वेळ होती, आणि तेवढ्यात जिन्यावरून एक बाई अक्षरशः घरंगळत आल्यासारखी आली. केस विस्कटलेले, चेहरा घामाने डबडबलेला, छातीशी एक कापडी पिशवी, लहान मूल धरावं तशी घट्ट.

"मैदान! मैदानाची गाडी कुठंय? कुणी धड सांगत नाही हो इथे! एकाने लाल गाडीत बसवलं, दुसऱ्याने उतरवलं, तिसरा म्हणाला वर जा, वर गेले तर म्हणे खाली जा!"

"थांबा, आधी श्वास घ्या. कुणाकडे जायचंय?"

"पोरीकडे! पळते ती माझी. आज निवडीची शर्यत आहे आणि तिचे बूट इथे!" बाईने पिशवी उघडून दाखवली. आत खिळ्यांचे बूट, घासून घासून लख्ख केलेले. "मीच मूर्ख. काल रात्री धुतले. म्हटलं, एवढ्या मोठ्या मैदानावर जायचं, मातीचे कशाला. चुलीमागच्या खिडकीत वाळत ठेवले आणि सांगायची विसरले. पोरगी पहाटे चाचपडत आपली कपड्यांची पिशवी उचलून बाकीच्या मुलींबरोबर गेली. तिच्या सरांचा फोन आला, बूट नसले तर पळू देत नाहीत, नाव काढून टाकतात. एसटी धरून आले मी. आयुष्यात या गाड्यांत बसले नाही!"

होकाने पिशवीचं तोंड नीट बांधून दिलं. आई होती ना तीही. तेवढ्यात खालून हिरवी गाडी आल्याची घरघर झाली. तिने बाईचा दंड धरला आणि दोघी जिना उतरू लागल्या. आणि उतरता उतरता, इतक्या वर्षांचा तो शौक, ती मायेची सवय, सकाळपासूनची सगळी घोकंपट्टी बाजूला सारून जिभेवर आली.

"शेवटच्या डब्यात बसा. मैदानाचा जिना अगदी समोर येतो, उतरलात की धावतच सुटा. आणि कुणी काही सांगितलं तरी ऐकू नका. लोक उगीच घोळ घालतात. मैदान येईपर्यंत जागेवरून उठायचं नाही. काय सांगितलं?"

"शेवटचा डबा. कुणाचं ऐकायचं नाही. उठायचं नाही," बाई म्हणाली, आत चढली, आणि दारं बंद झाली.

होका वर आली ती मनातून खूश होती. बाटलीतलं पाणी प्यायली. एका जोडप्याला पिवळ्या लाईनीला लावून दिलं. मग एक हमाल आला, त्याला गोदामांकडे जायचं होतं.

"मागच्या डब्यात बसा हं दादा. जंक्शनवर गाडी तुटते. पुढचे डबे मैदानाकडे, आणि मागचे..."

ती खाली हिरव्या फलाटाकडे बघत राहिली.

"मागचे काय हो?" हमाल म्हणाला.

"अगं आई गं!" होकाने कपाळावर हात मारला. "मेले मी!"

जंक्शनवर तिच्यासारखाच मदतनीस असतो. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून त्याला सगळे मफलर म्हणतात. होकाने त्याला फोन लावला.

"मफलर, हिरवी आली का रे?"

"ही काय, आत शिरतेय. का गं?"

"शेवटच्या डब्यात एक बाई आहे. छातीशी कापडी पिशवी. तिला उतरव आणि पुढच्या डब्यात नेऊन बसव! पळ! फोन बंद करू नकोस!"

फोनमधून मफलरच्या बुटांचा फटफट आवाज आला, मग धापा, मग त्याचा गोड केलेला आवाज. "ताई, तुम्ही मैदानाला ना? हा डबा तिकडे जात नाही. चला, पुढे चला लवकर."

"मी नाही उठायची."

"अहो, गाडी तुटतेय इथे!"

"तुटू दे नाहीतर फुटू दे. मला सांगितलंय, कुणाचं ऐकायचं नाही."

"ज्यांनी सांगितलं त्याच फोनवर आहेत. घ्या, बोला."

होका फोनमध्ये ओरडली, "ताई, मीच ती! मोठ्या स्थानकावरची! चूक झाली माझी, उतरा खाली!"

 पलीकडून संशयाने भरलेला आवाज आला. "फोनवर काय, कुणीही बोलेल. त्या बाई चुकणाऱ्यातल्या नव्हत्या. चांगलं खांद्याला धरून सांगितलंय त्यांनी मला."

होकाला स्वतःचं कौतुक ऐकून रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. पलीकडे आधी गाडी सुटी झाल्याचा दणका ऐकू आला, मग दारं बंद व्हायची घंटा, आणि मग मफलरचा केविलवाणा सूर. "होका, दारं लागली गं. मी आतच राहिलो!"

"बरं झालं! तिच्यावर नजर ठेव. पुलाखालच्या स्थानकावर काहीही करून उतरव तिला. मी येते!"

"येतेस? तू? आणि तुझी जागा?"

पण ती फोन खिशात कोंबून पळत सुटली होती. पुलाखालून गोदामांचा फाटा जातो आणि निळी लाईन त्याला तिथेच आडवी छेदते. मागचे डबे मालगाड्यांच्या रुळांमधून रमतगमत जाणार, निळी सरळ जाणार. गाठली तर गाठली! पेपरवाल्याने विचारलं, "होका, आग लागली का कुठे?" "लागलीय! माझ्याच हाताने!" ती ओरडली आणि मिटत्या दारातून निळ्या गाडीत घुसली. जाकिटाचं टोक दारात अडकलं, ते ओढून काढलं.

गाडीत बसायला जागा होती पण बसवेना. ती दारापाशी उभी राहून मनातल्या मनात गाडी ढकलत होती. शेजारच्या एका माणसाने तिचं जाकीट बघून विचारलं, "बाई, बाजाराला कुठे उतरू?" आणि तिने, तशाही अवस्थेत, त्याला खांद्याला धरून वळवलं, "तिसरं स्थानक, पुढचं दार," असं सांगितलं. मग दचकून गाडीचा नकाशा पुन्हा तपासला. बरोबर होतं. आता स्वतःवर विश्वासच राहिला नव्हता.

पुलाखाली ती उतरली आणि जिना दोन-दोन पायऱ्या करत चढली. वरच्या फलाटावर गोदामांकडची अर्धी गाडी नुकतीच येऊन ठेपत होती. दारं उघडली. शेवटच्या डब्यात कोपऱ्यात बूटवाली बसली होती, पिशवी पोटाशी, आणि तिच्यापासून चांगला हातभर लांब मफलर हात जोडून उभा होता.

"अहो बाई!" बूटवाली तिला पाहताच ओरडली. "बघा ना, हा माणूस जंक्शनपासून माझ्या मागे लागलाय!"

"तो आमचाच आहे हो! उतरा! उतरा आधी!"

या वेळी ती उठली. तिघं फलाटावर आली आणि गाडी निघून गेली. होकाने एका दमात सगळं सांगून टाकलं. बूटवालीच्या चेहऱ्यावरचा रंग आधी उडाला, मग चढला.

"म्हणजे तुम्हीच चुकलात? आणि वर मला म्हणालात, कुणाचं ऐकू नका? अहो, या सभ्य माणसाला मी काय काय बोलले!"

"ते जाऊ द्या," मफलर म्हणाला. "घरी याहून जास्त ऐकतो."

"माझ्या पोरीचं वर्षभराचं पळणं आहे हे, बाई. पहाटे उठून पळते ती. थंडी नाही बघत, ताप नाही बघत. आज नाव काढलं तर संपलं."

"नाही काढू देणार," होका म्हणाली. म्हणाली खरी, पण परत जंक्शनला जायचं, मैदानाच्या गाडीची वाट बघायची, या हिशेबात शर्यत होऊन मैदान झाडूनही झालं असतं. तिने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. हिरवी रेघ मैदानाकडे भलीमोठी गिरकी घेत गेलेली. मैदान एका कोपऱ्यात, पूल दुसऱ्या. "वर जाऊ. रस्त्यावर विचारू कुणाला तरी."

"विचारू?" बूटवाली थबकली. "तुम्हाला रस्ता माहीत नाही?"

"मला रूळ माहीत आहेत. रस्ता नाही."

खरंच होतं ते. इतकी वर्षं या शहरातल्या प्रत्येक फलाटाचा कोपरा न् कोपरा तिला ठाऊक, पण घर आणि स्थानक सोडून ती या शहरात पायी कुठे फिरलीच नव्हती. मफलरने साहेबांना समजवायचं कबूल केलं आणि दोघी उजेडात आल्या. समोर टायरांचं दुकान, भाजीची गाडी, एक बंद गिरणी, आणि सगळीकडून वाहनं. इथे ना रंग, ना बाण, ना पाटी. होका जागच्या जागी दोनदा गोल फिरली.

"मैदान?" भाजीवाली म्हणाली. "लई लांब. बसने जा."

"बसने कशाला?" तिचा नवरा म्हणाला. "मधून जा की."

"मधून कुठून? तिकडे कुत्री आहेत."

"मागच्या वर्षी होती कुत्री!"

"अहो, भांडा नंतर!" बूटवाली किंचाळली.

टायरवाला पंक्चर काढता काढता मान वर न करता म्हणाला, "मैदान ना? हे काय, गिरणीच्या भिंतीपलीकडे. शिट्ट्या ऐकू येत नाहीत का?"

दोघी थांबल्या. कान दिले. वाहनांच्या गोंगाटामागून खरंच शिट्टी आली, आणि तिच्या मागोमाग माणसांचा हो-हो असा लांबट आवाज. नकाशावर ज्या दोन ठिकाणांत वीतभर अंतर होतं, त्यांच्यात जमिनीवर एक जुनी भिंत होती, एवढंच!

"चला!" होकाने आता खांदा धरलाच नाही, सरळ हात धरला आणि धूम ठोकली. गिरणीच्या बोळात खडी, तुटक्या विटांची रास, एका जागी गुडघाभर गवत. कुत्री होती. एकाने भुंकून पाहिलं, पण दोन बायकांचा तो अवतार बघून तेच बाजूला झालं. बूटवालीची चप्पल तुटली, तिने ती तिथेच भिरकावली. भिंतीला शेवटी एक फट होती, पोरांनी येण्याजाण्यासाठी पाडलेली. बूटवाली सरळ आत गेली. होका जाकिटासकट अडकली.

"जाकीट काढा!"

"सरकारी आहे हो!"

"मग सरकारला ओढते!" असं म्हणून बूटवालीने तिला असं काही ओढलं की शिवण उसवली आणि होका मैदानात येऊन पडली.

समोर तांबडी धावपट्टी. पांढऱ्या रेघेपाशी मुली ओळीने उभ्या, कुणी पाय झटकतंय, कुणी उड्या मारतंय. आणि बाजूला, टेबलापाशी, एक लांब पायांची मुलगी मोज्यांवर उभी, तिचे सर पंचांच्या हातापाया पडून काहीतरी सांगताहेत, आणि पंच मान हलवताहेत.

"ए पोरी!" बूटवालीचा आवाज सगळ्या मैदानावर गेला. "बूट!"

मुलगी वळली. आई अनवाणी धावत येतेय, हातात पिशवी उंच धरलेली, मागे एक फाटक्या जाकिटातली बाई, हे बघून ती आधी गोंधळली, आणि मग आईकडे अशी सुटली की पंचांनीही मान हलवायची थांबवली. बूट गवतावरच चढवले. एका पायाची नाडी आईने बांधली, दुसऱ्याची होकाने. होकाची गाठ दोनदा सुटली, तशी मुलगी म्हणाली, "मावशी, राहू दे, मी बांधते." पंच पुढे आले.

"नाव काढलं नव्हतं अजून," पंच म्हणाले. "पळ. तुझी रेघ शेवटची."

शिट्टी झाली, बार उडाला. पोरगी सुरुवातीला मागे पडली, दमली होती बिचारी, रडूनही झालं होतं. वळणावर पाचवी. "अगं पळ की!" बूटवाली ओरडली. होकाच्या घशात सकाळपासूनच्या ओरडण्याने आवाज शिल्लक नव्हता, तरी ती ओरडलीच. दुसऱ्या वळणावर चौथी. मग सरळ पट्टीवर त्या लांब पायांना कुणीतरी चावी दिल्यासारखं झालं. तिसरी. दुसरी! पुढच्या निळ्या बनियनवालीला गाठणार, गाठणार, आणि फीत निळ्या बनियनच्या छातीला लागली. हातभर अंतर राहिलं.

बूटवाली मटकन खाली बसली. पोरगी धापा टाकत आली तशी तिला जवळ घेऊन म्हणाली, "जाऊ दे गं बाळ. माझंच चुकलं. मी धुवायलाच नको होते ते. पुढच्या वर्षी..."

"आई, अगं काय बोलतेस!" पोरीला हसू आणि श्वास एकदमच येत होता. "दोघी घेतात! पहिल्या दोघी! निवड झाली माझी!"

"दुसरीला पण घेतात?"

"घेतात गं!"

आणि मग बूटवालीने जो हंबरडा फोडला, तो ऐकून पंचसुद्धा हसले. एका हाताने तिने पोरीला कवटाळलं, दुसऱ्या हाताने होकाला ओढून घेतलं, आणि होका फाटक्या जाकिटात, गवताने माखलेली, त्या दोघींत दबून हुंदके देत हसत राहिली.

खिशातला फोन बराच वेळ वाजत होता. शेवटी तिने तो काढला. स्टेशनसाहेब होते, आणि आवाज चढलेला होता.

"होकाबाई, आहात कुठे? मफलर काहीतरी बुटांचं सांगतोय, मला काही कळेना. खांबापाशी माणसांची रांग लागलीये!"

"मैदानावर आहे साहेब," होका बसलेल्या घशाने म्हणाली. "आमची पोरगी दुसरी आली!"

 साहेबांचा चढलेला आवाज एकदम खाली आला. "दुसरी? आणि पहिली किती पुढे होती?"